हिरडीच्या आत काय घडतं

रामनगरहून बोलतोय, म्हणजे काशीच्या समोरच्या काठावरून. या मालिकेत तब्येतीवर बोलायला बहुधा डॉक्टर येतात. मी डॉक्टर नाही. पदवी घेऊन लष्करात गेलो, इंजिनियर दलात होतो, खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधला. नोकरी पूल बांधण्यात आणि पूल उडवायच्या सरावात गेली. बायकोचं माहेर पलीकडे ब्रह्माघाटावरचं, चार पिढ्यांचं मराठी घर, म्हणून निवृत्तीनंतर इथे येऊन राहिलो. आजचा विषय हिरड्यांचा आहे आणि तो मी मला येणाऱ्या भाषेत, म्हणजे पुलाच्या भाषेत सांगणार आहे. औषधं सांगणार नाही, ते दंतवैद्याचं काम.

पहिला प्रश्न असा. दात जबड्यात बसतो कसा? बहुतेकांना वाटतं खुंटी भिंतीत ठोकावी तसा. तसं नाही. दाताचं मूळ हाडाला कुठेही चिकटलेलं नसतं. मूळ आणि हाड यांच्यामध्ये साधारण पाव मिलिमीटरची, किंवा त्याहूनही कमी, फट असते आणि त्या फटीत हजारो बारीक दोऱ्या ताणलेल्या असतात. दोरीचं एक टोक मुळावरच्या पातळ थरात रुतलेलं, दुसरं हाडात. दात या दोऱ्यांवर टांगलेला असतो. तुम्ही चणा फोडता तेव्हा दात किंचित खाली दबतो, दोऱ्या ताणल्या जातात आणि जोर हाडाला ओढ म्हणून पोचतो, ठोसा म्हणून नाही.

रामनगरला आता पक्का पूल आहे, पण कित्येक वर्षं हिवाळ्यात गंगेवर पिप्यांचा पूल पडायचा आणि पावसाळ्याआधी काढला जायचा. पिपा पाण्यावर डुलतो, पण जागा सोडत नाही, कारण दोन्हीकडून तारांनी आणि नांगरांनी धरलेला असतो. गाडी गेली की पूल श्वास घेतल्यासारखा हलतो. मला दाताची रचना समजली ती या पुलामुळे. हलणं हा दोष नाही, थोडं हललंच पाहिजे. तारा सुटल्यावर जे हलणं होतं ते वेगळं.

या दोऱ्या कोलॅजनच्या असतात. कोलॅजन म्हणजे आपल्या शरीरातला सुतळीसारखा प्रथिनाचा धागा, कातडी, स्नायूंची टोकं, हाडं, सगळीकडे तोच. हिरडीतही तोच. निरोगी हिरडी दाताभोवती घट्ट बसते, कारण तिच्या आत काही धागे दाताकडून हिरडीत शिरतात, काही दाताभोवती कड्यासारखे फिरतात आणि काही हाडाच्या माथ्यावरून शेजारच्या दातापर्यंत जातात. या धाग्यांची सतत दुरुस्ती चालू असते. जुना धागा तोडायचा, नवा विणायचा. दाताच्या दोऱ्यांमध्ये हे काम कातडीपेक्षा कितीतरी वेगाने चालतं. विणणाऱ्या पेशी संपावर गेल्या की परिणाम आधी इथे दिसतो.

लष्कराच्या इतिहासात याचं एक भयंकर उदाहरण आहे आणि ते मराठी माणसांचं आहे. 7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916 या काळात मेसोपोटेमियात कुत-अल-अमारा इथे सहावी पूना डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात अडकली. त्यात 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या, आजच्या मराठा लाइट इन्फंट्रीचे पूर्वज. रसद संपली, भाजीपाला नाही, फळ नाही. शेवटी घोड्याचं मांस वाटायला लागले, ते आपल्या बऱ्याच शिपायांनी धर्मापोटी बराच काळ घेतलं नाही. हिंदी शिपायांमध्ये स्कर्व्ही पसरला. गोऱ्या सैनिकांना दुसरा आजार झाला, बेरीबेरी, कारण ते पांढऱ्या पिठाचा पाव खायचे आणि आपले लोक कणकेची रोटी. स्कर्व्हीत हिरड्या सुजतात, काळ्यानिळ्या पडतात, रक्त गळतं, दात हलतात. कारण सी जीवनसत्त्वाशिवाय शरीराला पक्कं कोलॅजन विणता येत नाही. तोडणं चालू, विणणं बंद.

हे सांगितलं ते हिरडी कशाची बनलेली आहे हे ठसावं म्हणून. तुमच्या-माझ्या हिरड्यांमधून रक्त येतं ते बहुधा स्कर्व्हीचं नसतं. सी जीवनसत्त्वाच्या गोळ्या चोखून पायोरिया बरा होत नाही. आपल्याकडे विणणं बंद पडत नाही, तोडणं बेसुमार वाढतं.

ते कसं, आता पाहू. रात्री दात घासले नाहीत तर सकाळी जिभेला दातांवर जो बुळबुळीत थर लागतो, ती जंतूंची वस्ती. सुरुवातीला निरुपद्रवी. ती हिरडीच्या कडेला दोन-चार दिवस तशीच राहिली तर आत हालचाल सुरू होते. रक्तवाहिन्या फुगतात, त्यांतून पांढऱ्या पेशी बाहेर पडून कडेकडे धावतात. आठवड्याभरात दुसऱ्या प्रकारच्या पेशी येऊन तळ ठोकतात, आणि त्यांनी व्यापलेल्या त्या छोट्याशा भागातलं निम्म्याहून अधिक कोलॅजन नाहीसं झालेलं असतं. आरशात फक्त थोडी लाली दिसते. ब्रशवर गुलाबी डाग दिसतो. दुखत काहीच नाही.

कोलॅजन कोण खातं? जंतूंकडेही काही विकरं असतात, पण मुख्य तोडफोड आपल्याच सैन्याची असते. पांढरी पेशी जंतू मारायला येते तेव्हा तिच्या पोतडीत कोलॅजन कापणारं विकर असतं. जाळं कापल्याशिवाय तिला पुढे सरकता येत नाही. एखाद्या गावात तुकडी शिरली की कुंपणं तुटतात, तसं हे. चकमक दोन दिवसांची असेल तर कुंपणं पुन्हा उभी राहतात. छावणी वर्षानुवर्षं हलली नाही, तर शेतच उरत नाही.

इथपर्यंतचं सगळं परत फिरवता येतं आणि हे सिद्ध झालेलं आहे. 1965 साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या 12 जणांना दात घासणं बंद करायला सांगितलं. 10 ते 21 दिवसांत झाडून सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. मग ब्रश हातात दिला. आठवड्याभरात सूज उतरली. इतका साधा प्रयोग, पण तोपर्यंत असं कोणी दाखवलेलं नव्हतं.

पुढचा टप्पा मात्र वेगळा आहे. सूज रेंगाळली तर हिरडीचा दाताला चिकटलेला पट्टा मुळाच्या दिशेने खाली सरकतो आणि दात व हिरडी यांच्यामध्ये खिसा तयार होतो. निरोगी हिरडीत ही फट एक ते तीन मिलिमीटर असते. दंतवैद्य खुणांची बोथट सळई हलकेच घालून मोजतात. खिसा पाच-सहा मिलिमीटर झाला की ब्रशचा केस तळाशी पोचत नाही आणि तिथे हवेशिवाय जगणाऱ्या जंतूंची चंगळ होते. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस हा त्यातला नामांकित. थरावर लाळेतले क्षार बसून दगड होतो, त्याला आपण कीटण म्हणतो. कीटण स्वतः कोणाला चावत नाही, पण त्याच्या खडबडीत अंगावर नवी वस्ती झटकन बसते.

आणि मग हाड. ही गोष्ट मला सगळ्यात आश्चर्याची वाटली. जंतू हाडापर्यंत पोचून हाड कुरतडतात असं मी समजत होतो, तुम्हीही समजत असाल. बहुतेक वेळा तसं होत नाही. हाडच मागे हटतं. जंतूंचा थर आणि हाडाचा माथा यांच्यात साधारण दीड-दोन मिलिमीटरचं अंतर शरीर राखू पाहतं. थर मुळावरून खाली सरकला, की हाड तेवढंच खाली जातं. सैन्यात याला माघार म्हणतात, आणि माघार घेताना पूल आपणच उडवतो.

हाड विरघळवणारी पेशी वेगळी असते. आपल्या सगळ्या हाडांत ती कायम कामावर असते, जुनं हाड काढते आणि दुसऱ्या पेशी नवं भरतात. ती हाडावर झाकणासारखी बसते, खाली आम्ल सोडून क्षार विरघळवते, मग विकराने कोलॅजन कापते आणि खड्डा करून पुढे जाते. तिला कामावर बोलावणारा एक रासायनिक हुकूम असतो आणि तो हुकूम मध्येच अडवणारं दुसरं प्रथिनही असतं. दोन्हींचा तोल असतो तोवर हाड जागेवर. हिरडीतल्या दीर्घ सुजेमुळे हुकूम वाढतात, अडवणारा कमी पडतो. मग खड्डे पडत राहतात, भरले जात नाहीत. दाताचं हाड झिजतं ते असं, आपल्याच कार्यालयातून निघालेल्या कागदावर.

या माघारीतही शरीर शिस्त सोडत नाही. हाडाच्या माथ्यावरून एका दातापासून शेजारच्या दातापर्यंत जाणारे धागे मी मघाशी सांगितले. हाड खाली गेलं की हे धागे तुटतात, आणि खालच्या पातळीवर पुन्हा विणले जातात. जितक्या वेळा माघार, तितक्या वेळा नवी फळी. मूळ अर्ध्याहून अधिक उघडं पडलेल्या दाताभोवतीही ही फळी सापडते.

हाड सगळीकडे सारखं खचत नाही. कधी सगळ्या दातांभोवती सपाट उतरतं, नदीचं पाणी उतरावं तसं. कधी एकाच दाढेच्या एका बाजूला उभी घळ पडते. दाढेला दोन-तीन मुळं असतात, त्यांच्या बेचक्यातलं हाड गेलं की तिथे साफसफाई फार अवघड होते. क्ष-किरण चित्रात हे दिसतं, पण उशिरा. हाडातले क्षार बऱ्यापैकी कमी झाल्यावरच चित्रात काळं दिसतं. म्हणून सळईने मोजणं महत्त्वाचं. नुसता फोटो काढून सगळं ठीक आहे म्हणणारा भेटला तर खिसे मोजायला सांगा.

सगळ्यांचंच हाड असं जातं का? नाही. याच लो यांनी श्रीलंकेतल्या चहामळ्यांवरच्या 480 मजुरांना 1970 पासून 15 वर्षं तपासलं. त्यांच्याकडे ब्रश नव्हता, दंतवैद्य नव्हता. सगळ्यांच्या दातांवर थर आणि कीटण होतं. 1986 साली निष्कर्ष छापून आले: सुमारे 8 टक्के लोकांमध्ये आजार झपाट्याने वाढला, 81 टक्क्यांमध्ये बेताने, आणि 11 टक्क्यांमध्ये हिरडीच्या सुजेपलीकडे गेलाच नाही. तेव्हा आमच्या आजोबांनी जन्मात ब्रश धरला नाही तरी ऐंशीव्या वर्षी ऊस सोलायचे, असं कोणी सांगितलं तर ते खोटं नाही. ते त्या 11 टक्क्यांतले असणार. तुम्ही कुठल्या टक्क्यांतले ते आधी कळायची सोय नाही.

आमच्या घरची गोष्ट सांगतो, सौभाग्यवतींची परवानगी घेऊन. दोन वर्षांपूर्वी तिच्या खालच्या समोरच्या दातांमध्ये फट दिसायला लागली. आधी नव्हती. दुखत नव्हतं. दंतवैद्य बाई तरुण होत्या, त्यांनी खिसे मोजले, सहाय्यक लिहून घेत होती: चार, सहा, सात, पाच. मला ते तोफखान्याच्या आकड्यांसारखं ऐकू येत होतं. मोजणं संपल्यावर त्यांनी दातांबद्दल काही न बोलता विचारलं, "काकू, साखर कधी तपासली होती?" तपासली तर उपाशीपोटी 190. मधुमेह हिरडीतून सापडला. हा संबंध दुहेरी आहे. साखर वाढली की सूज भडकते आणि धागे विणण्याचं काम बिघडतं. उलट हिरडीची जुनी सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. तिची साखर आणि हिरड्या दोन्हींवर एकदमच उपचार सुरू झाले. एक दाढ गेली. समोरचे दात आहेत. थोडे लांब दिसतात, ते कायम तसे दिसणार.

आता काशीकडे वळतो, कारण इथे बसून हे सांगायला एक वेगळा अर्थ आहे. सुश्रुतसंहितेत ज्यांचा उपदेश आहे ते दिवोदास धन्वंतरी काशीचे राजे मानले जातात. त्या ग्रंथात तोंडाचे 65 रोग मोजलेत आणि त्यातले 15 दातांच्या मुळाशी, म्हणजे हिरडीत होणारे. दातांच्या स्वतःच्या रोगांची संख्या 8. म्हणजे किडीपेक्षा हिरडीकडे लक्ष अधिक. शीताद नावाच्या रोगात हिरड्यांमधून कारण नसता रक्त येतं, त्या मऊ, काळसर होतात आणि झडतात. दंतवेष्टात पू आणि रक्त येतं, दात हलतात. वर्णन आजच्या रुग्णाला चपखल लागतं. दातांना मात्र त्यांनी हाडांच्याच एका प्रकारात घातलं, रुचक हे त्या प्रकाराचं नाव. दात आणि हाड यांच्यामधली ती पाव मिलिमीटरची फट सूक्ष्मदर्शकाशिवाय कोणाला दिसणार होती?

त्याच काशीत आज काय दिसतं? सकाळी घाटावर कडुनिंबाची काडी चावणारे अजून आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार गुलबद्दल आहे. गुल म्हणजे तंबाखूची भुकटी, इथे बायाबापे बोटाने हिरडीला चोळतात. महाराष्ट्रात हीच मशेरी. आमच्या गल्लीतला एक विणकर मला म्हणाला, "कर्नलसाहेब, गुल लावायला लागल्यापासून रक्त थांबलं." रक्त कमी झालं असेलही. तंबाखू ओढणाऱ्यांच्या हिरड्यांमधून रक्त कमी येतं हे डॉक्टरांना चांगलं माहीत आहे, कारण त्यांच्या हिरडीतल्या रक्तवाहिन्या नीट प्रतिसाद देत नाहीत. आजार थांबत नाही, फक्त पहारेकरी गप्प बसतो. आत हाड चाललेलंच असतं. मी त्याला तेच सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, गुल सोडली नाही. पण पत्नीला दाखवायला घेऊन गेला.

बनारसी पानाबद्दल बोललो नाही तर इथले लोक मला राहू देणार नाहीत, आणि बोललो तरीही देणार नाहीत. सुपारी कोलॅजनच्या बाबतीत बरोबर उलटं करते. गालाच्या आतल्या अस्तरात धागे तुटण्याऐवजी साचत जातात, अस्तर कडक पांढरं होतं आणि तोंड उघडेनासं होतं. तीन बोटं उभी तोंडात जात नसतील तर तपासून घ्या. 2004 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सुपारीला तंबाखूशिवायही कर्करोगकारक ठरवलं. एकच धागा, कमी झाला तर दात जातात, जास्त झाला तर घास जात नाही.

आणखी एक गोष्ट माझ्या वयाच्या मंडळींसाठी. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे, उदाहरणार्थ अम्लोडिपिन, काहींच्या हिरड्या वाढून दातांवर चढतात. फेफऱ्यावरच्या फेनिटॉइननेही होतं. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगा.

आता दर खेपेला येणारा प्रश्न: दात साफ करून घेतले की हलायला लागतात का? मराठी घरांत ही समजूत पक्की आहे. होतं असं, की धागे आणि हाड आधीच गेलेलं असतं आणि कीटणाच्या दगडाने दोन-चार दात एकमेकांना जखडून ठेवलेले असतात. दगड काढला की खरी परिस्थिती उघडी पडते. सूज उतरल्यामुळे हिरडी आकसते आणि फटी दिसतात. वाळूची पोती काढल्यावर खचलेला खांब दिसावा, तसं. खांब पोत्यांनी खचवला नाही, पण पोत्यांनी धरलेलाही नव्हता. बऱ्याच वेळा साफसफाईनंतर काही आठवड्यांत सूज गेल्यामुळे दात उलट घट्ट होतात.

गेलेलं परत येतं का? हिरडीची सूज, हो, पूर्ण. खिसा साफ केल्यावर हिरडी दाताला पुन्हा चिकटते, पण बहुधा वरवरच्या पातळ पापुद्र्याने. त्या मूळच्या दोऱ्या, एक टोक दातात आणि एक हाडात, आपोआप फारशा परत येत नाहीत. सपाट उतरलेलं हाड वर चढत नाही. उभ्या घळीत, योग्य रुग्णात, पडदा घालून किंवा हाडाची भर घालून काही भाग परत मिळवता येतो. त्यासाठी हिरडी उघडून शस्त्रक्रिया करावी लागते. नंतर दर तीन-चार महिन्यांनी तपासणी. सौभाग्यवतींचा तो दौरा आता आमच्या कॅलेंडरवर गॅसच्या नोंदीशेजारी असतो. घरी ब्रश हिरडीच्या कडेवर तिरका धरून हलक्या हाताने, आणि दातांच्या मधल्या फटींसाठी बारीक बाटली-ब्रशसारखा जो मिळतो तो. फटी मोठ्या झाल्यावर दोऱ्यापेक्षा तो बरा. जोर लावून घासणाऱ्यांची हिरडी सोलली जाते, तो वेगळाच आजार.

लष्करात भरतीच्या वेळी दातांचे गुण मोजतात. समोरच्या जोडीला एक, दाढांच्या जोडीला दोन, सगळे मिळून 22, त्यातले किमान 14 लागतात, आणि वाढलेला पायोरिया असेल तर उमेदवार परत जातो. तरुण मुलं मला विचारतात, किती दात पुरेत? मी त्यांना म्हणतो, गुण नंतर, आधी रक्त येतं का ते सांग.

शेवटी बेळगावहून आलेला एक प्रश्न घेतो. एका भगिनींनी विचारलंय, सगळे हलणारे दात काढून इम्प्लांट बसवले तर ही कटकट संपेल का? नाही संपत. इम्प्लांटचा स्क्रू हाडाला थेट चिकटतो, मधली दोऱ्यांची फट तिथे नसते. हिरडीचे धागेही त्याच्यात रुतत नाहीत, त्याच्या अंगाला समांतर धावतात. त्यामुळे कडेला जंतूंचा थर बसला तर अडवायला फळी कमी, आणि सूज हाडापर्यंत लवकर उतरते. ज्यांचे दात हिरडीच्या आजाराने गेले त्यांच्यात हा धोका इतरांपेक्षा जास्त. म्हणून चांगला दंतवैद्य आधी उरलेल्या दातांच्या हिरड्या बऱ्या करतो, साखर आणि तंबाखू विचारतो, मगच स्क्रूचं बोलतो. पहिल्याच भेटीत सगळे काढू म्हणणारा असेल, तर भगिनी, दुसऱ्या ठिकाणी खिसे मोजून घ्या आणि आकडे कागदावर मागा.